फार स्वच्छ वाजतंय

आमच्या घरात ते वाद्य आलं ते बाबांच्या थंडीपायी.

वेलिंग्टनची थंडी काही बर्फाबिर्फाची नव्हे. पण लाकडी घरं, फटीफटीतून वारा, आणि सकाळी उठावं तर खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटलेलं. न्यूटाउनच्या एका टेकाडावर दुमजली घर होतं, त्याचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतलेला. मी जवळच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट, नवरा शहरात एका सरकारी खात्यात आयटीत, लेक नुकतीच शाळेत जायला लागलेली. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आई गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी बाबांना पुण्याहून इकडे घेऊन आले. घेऊन आले म्हणजे काय, उचलूनच आणलं म्हणा ना. परतीचं तिकीट होतं, पण माझ्या मनात ते कधीच फाडून झालं होतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटा माणूस काय करणार? गॅस चालू राहिला तर? बाथरूममध्ये पाय घसरला तर? दिवसभर औषधं देणारी बाई मी, म्हाताऱ्या माणसांचं काय काय होतं ते मला पाठ आहे. बाबांनी आता इथेच राहायचं, बस्स. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

बाबांना मात्र काहीच नको होतं. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी असा जामानिमा करून ते हीटरशेजारच्या खुर्चीत बसायचे. पोहे करू? चालेल. उपमा करू? चालेल. बाहेर चक्कर मारू या? नको, वारा आहे. वारा तर वेलिंग्टनला रोजच असतो, मग काय जन्मभर आत बसणार? मी चिडायचे. ते "हं" म्हणायचे. चिडून काही उपयोग नाही असं माणूस समोर असलं की आणखी चीड येते.

आई गाणं शिकवायची. घरच्या पुढच्या खोलीत मुली यायच्या, दाराशी चपलांचा ढीग पडायचा, आणि मधूनमधून छोट्या हॉलमध्ये तिचे कार्यक्रम व्हायचे. बाबा दिवसा बँकेत आणि संध्याकाळी आईच्या मागे तंबोरा घेऊन. सगळा जन्म त्यांनी असा मागे बसून काढला. घरातल्या फोटोंत बघा, आई पूर्ण दिसते आणि बाबांचा अर्धा चेहरा तंबोऱ्याच्या दांडीआड गेलेला असतो. मला शिकवायचाही आईने खूप प्रयत्न केला. मी तोंडी परीक्षा आहे, पोट दुखतंय, काहीही सांगून पळायचे. शेवटी तीच कंटाळली. "हिचा सूर कायम खाली आणि आवाज मात्र कायम वर," असं आल्यागेल्याला सांगायची. आई गेल्यावर बाबांनी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या, गवसणी घातली आणि तो कोपऱ्यात उभा करून ठेवला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर गांबियाचा एक तरुण राहायचा. आमच्याच हॉस्पिटलात नर्स. त्याची बायको इथलीच, शाळेत शिकवायची. शनिवारी सकाळी मी कणीक मळत असले की खालून एक वाद्य ऐकू यायचं. आधी मला वाटलं रेकॉर्ड लावलीय. खालचे सूर एका संथ लयीत फिरत राहायचे आणि त्यांच्यावर बारीक बारीक वरचे सूर पडायचे, अंगणात सडा शिंपडावा तसे. लेक जमिनीला कान लावून पालथी पडून ऐकायची. "इट्स टिकली," म्हणायची, कानाला गुदगुल्या होतात म्हणून. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, तर हा गडी स्वतःच वाजवत होता. कोरा म्हणतात त्या वाद्याला. त्यांच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे येतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचंच घराणं. "नर्सिंग मी शिकलो," तो हसून म्हणाला, "हे मला शिकवावं लागलं नाही."

शाळेला सुट्ट्या लागल्या तेव्हा खालचे नवरा-बायको नेल्सनला तिच्या माहेरी निघाले. जायच्या आदल्या दिवशी तो कोरा छातीशी धरून वर आला. एवढं मोठं धूड! म्हणाला, खाली आमचं घर गार पडेल, दमट हवेने याचं कातडं सैल होतं आणि सगळे सूर उतरतात. तुमच्याकडे हीटर दिवसभर चालू असतो, तर आठवडाभर याला ठेवून घ्याल का? मी काय, ठेव की म्हटलं. वीजबिलाचं काहीतरी सार्थक तरी होऊ दे.

त्याने तो हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. एक भला थोरला अर्धा भोपळा, त्याच्या तोंडावर गाईचं कातडं ताणून बसवलेलं, मधून आरपार गेलेली लांब दांडी, दांडीवर विणलेली चामड्याची कडी आणि त्या कड्यांना बांधलेल्या एकवीस तारा. तारा कसल्या, मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी. तिकडे आता हीच वापरतात आणि इथे ती फिशिंगच्या दुकानात मिळते. दुकानदाराला वाटतं मी मोठा कोळी आहे, असं म्हणून तो खदखदून हसला. कातड्यावर लाकडाची उंच घोडी उभी होती. घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात ती पट्टी. तंबोऱ्याची आडवी असते, ही उभी, आणि दोन्ही कडांना खाचा.

बाबा खुर्चीतून उठले. स्वतःहून उठले, हे मी मुद्दाम सांगते. शाल सावरत जवळ आले आणि भोपळ्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं.

"भोपळा आहे," मला म्हणाले. "आपलाच भोपळा की हा!"

इतक्या आठवड्यांत "चालेल" सोडून बाबांनी काढलेलं हे पहिलं वाक्य. मला भरून आलं. तो तरुण त्यांच्याकडे बघत होता. वाजवून बघा हवं तर, म्हणाला, आणि समोर बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी कशा चालवायच्या ते दाखवलं. बाबांनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं. आईच्या एखाद्या शिष्येचा सूर किंचित हलला की त्यांची मान अशीच कलती व्हायची.

मग तो आठवडा सुरू झाला. मी कामावरून आले की बाबांची खुर्ची थोडी सरकलेली असायची, हीटरपासून दूर, कोऱ्याच्या जवळ. लेक शाळेच्या सुट्टीमुळे घरीच, नवरा तिच्यासाठी अर्धा दिवस घरून काम करायचा. तो मला सांगायचा, बाबा आज एक तार छेडून बसले होते. बाबांनी आज वाकून आत बघितलं. मी खूश! मनातल्या मनात व्हिसा वाढवायचं बघायला लागले.

आणि मग तो शुक्रवार. खालचे दोघं शनिवारी परत येणार होते. मी दार उघडून आत येते तर काय, हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, कोरा तिच्यावर आडवा, बाबा चष्मा नाकावर ओढून त्याच्यावर ओणवे झालेले, आणि शेजारी आईची जांभळी रेशमी साडी. ती त्यांनी पुण्याहून स्वतःच्या बॅगेत आणलेली, मला माहीतच नव्हतं. तिच्या पदराच्या टोकाला सुटे धागे असतात ना, दशा, त्यातले ते एकेक उपटत होते आणि कोऱ्याच्या एकेका तारेखाली, घोडीच्या खाचेत, सरकवत होते.

"बाबा!" मी किंचाळलेच. "अहो, हे काय करताय? दुसऱ्याची वस्तू आहे ती!"

"जवारी नाही गं याला," बाबा मान वर न करता म्हणाले. "फार स्वच्छ वाजतंय. आठवडाभर ऐकतोय मी. सूर येतो आणि जातो, मागे काही राहतच नाही."

ज्याने तंबोरा कधी जवळून ऐकला नसेल त्याच्यासाठी सांगते. तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक धागा सरकवतात. त्याची जागा बरोबर लागली की तार नुसती वाजत नाही, ती गुंजायला लागते, भुंग्यासारखी. ती जवारी. आमच्या घरी तो धागा नेहमी आईच्या साडीच्या दशीचा असायचा. बाबांचा हातखंडा होता त्यात. पण तंबोऱ्याच्या तारा धातूच्या, घोडी रुंद. इथे नायलॉन आणि खाचा. व्हायचं तेच झालं. मी एक तार छेडली तर ठप्प. दुसरी छेडली, तीही ठप्प, गादीवर थापटी मारल्यासारखी. शिवाय धागे घालायला तारा सैल केलेल्या, त्यामुळे सगळा सूर गेला उडत.

मी बाबांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला कळत नाही का, लोक काय म्हणतील, त्याच्या बापाचं वाद्य आहे ते. बाबा एखाद्या शाळकरी पोरासारखे ऐकून घेत राहिले. मला त्यांची दयाही येत होती आणि तोंडाचा पट्टाही थांबत नव्हता. शेवटी नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हातात पाण्याचा ग्लास दिला.

शनिवारी दुपारी तो तरुण वर आला. मी दारातच माफी मागायला सुरुवात केली, सॉरी, सो सॉरी, माय फादर, असं काहीबाही. तो गुडघ्यांवर बसला. बघत राहिला. एक जांभळा धागा त्याने चिमटीत धरून हळूच ओढून काढला आणि उजेडात धरला. मला वाटलं, आता हा बोलणार. आणि त्याने बोलावंच, हक्कच होता त्याचा.

"का?" त्याने बाबांना विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

बाबांनी कानटोपी काढली. बँकेत साहेबासमोर उभे राहत असतील तसे उभे राहिले आणि त्यांच्या त्या बँकेतल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, व्हेरी नाइस इन्स्ट्रुमेंट. बट टू क्लीन."

तो उठला आणि जिना उतरून खाली गेला. घ्या, मी म्हटलं, गेला तो. आता तोंड कसं दाखवायचं? पण तो लगेच परत आला. हातात एक लोकरी मोजा होता आणि मोज्यात काहीतरी कडक. त्याने ते बाहेर काढलं. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, सगळ्या कडेने तारेच्या बारीक बारीक कड्या ओवलेल्या. पत्रा हलला की त्या कड्या झिणझिणायच्या. त्याने बाकीचे धागे काढले, कितीतरी वेळ बसून तारा लावल्या आणि तो पत्रा घोडीच्या माथ्यावर बसवला. मग वाजवायला लागला.

आई गं! काय सांगू. तेच सूर, तोच सडा, पण आता प्रत्येक सुरामागे एक बारीक झणत्कार येत होता आणि खोलीत रेंगाळत होता. सूर येत होता आणि जात नव्हता. मला एकदम आमची पुढची खोली आठवली, दाराशी चपला, आत मुलींचा आकाराचा रियाज, स्वयंपाकघरात मोहरी तडतडतेय, मी डायनिंग टेबलवर गणितं सोडवतेय आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते गुंजन, जे मी कधी ऐकलंच नव्हतं कारण ते कधी थांबायचंच नाही. आई गेल्यावर घर इतकं रिकामं का वाटलं होतं, ते मला त्या दिवशी परक्या देशात, परक्या वाद्यावर कळलं.

बाबांचे डोळे वाहत होते. त्यांनी पुसलेही नाहीत.

"आता बोलला," एवढंच म्हणाले.

मग चहा झाला, आणि त्या तरुणाने सांगितलं. इथे आल्यावर पहिल्यांदा एका हॉलमध्ये वाजवायला बसला तर साऊंडवाला धावत आला, काहीतरी लूज आहे, वायर बघतो म्हणाला. पुढे एका कॅफेत, मग एका लग्नात, सगळीकडे तेच. काहीतरी खरखरतंय, स्पीकर गेलाय का. शेवटी कंटाळून त्याने पत्रा काढला आणि मोज्यात घालून कपाटात टाकला. लोकांना फार आवडायला लागलं त्यानंतर. "माझ्या वडिलांनी हे असं ऐकलं असतं तर एक लगावून दिली असती," तो म्हणाला. "पण इथे कोणाला माहीत आहे, असं वाटलं मला." बाबा म्हणाले, "आय नो." आणि दोघंही हसले. काढलेले धागे त्याने टाकले नाहीत. एक कोऱ्याच्या दांडीला बांधला आणि बाकीचे बाबांच्या हातात ठेवले.

त्यानंतरचे आठवडे, खरं सांगते, माझ्या वेलिंग्टनमधल्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. संध्याकाळी तो कोरा घेऊन वर यायचा, किंवा बाबा भिंतीला धरून जिना उतरायचे. तो बाबांना बाबाच म्हणायचा, त्यांच्याकडेही वडिलांना तसंच म्हणतात म्हणे. कोरा भरात आला की बाबा मांडीवर हाताने ठेका धरायचे. पोह्यांना "चालेल" जाऊन "लिंबू आहे का?" आलं. सकाळी एकटे कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानात, जाऊन दूध आणायला लागले. बसच्या ड्रायव्हरला तिथल्या माओरी रिवाजाने नमस्काराचं "किया ओरा" म्हणायचे. लेकीने त्यांना "स्वीट ॲज", म्हणजे एकदम मस्त, असं शिकवलं, ते कुठेही ठोकून द्यायचे. मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंस? रुळले. जिंकले मी.

आणि एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "तिकिटाची तारीख जवळ आली ना गं? बदलू नकोस हं. मी जातो."

माझ्या हातातली पोळी हातात राहिली. "म्हणजे? काय कमी आहे इथे तुम्हाला?"

"काहीच नाही."

"मग?"

"त्या पोराने पत्रा मोज्यात घालून ठेवला होता," बाबा म्हणाले. "मी तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवल्यात. काय फरक आहे सांग. उतरवायला नको होत्या मी."

"मग तंबोरा इथे आणू. मी आणवते."

"भोपळा फुटेल त्याचा विमानात. आणि त्याला माझ्या घराची सवय आहे."

माझं डोकं फिरलं. इतकं सगळं करून हे फळ? मी म्हटलं, "आणि तिथे जाऊन तंबोरा लावून बसाल, पण समोर गाणार कोण आहे बाबा? कोणासाठी वाजवणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. नवऱ्याने ताटात बघितलं. बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

"ते बघू," म्हणाले.

मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. चिडून उपयोग नाही असं ते माणूस आधीपासूनच होतं. विमानतळावर खालचा तरुणही आला. बाबांनी त्याला मिठी मारली. बाबांना कोणाला मिठी मारताना मी जन्मात पाहिलं नव्हतं, मलाही नाही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. घरी येऊन मी हीटर बंद केला आणि त्यांच्या खुर्चीत बसून पोटभर रडून घेतलं.

मग दर रविवारचा फोन. आमची दुपार, त्यांची सकाळ. डेअरीतून कॉलिंग कार्ड आणायचं, तो लांबलचक नंबर दाबायचा आणि तेच ते प्रश्न. बाई आली होती का? गॅस बंद केलात का? गोळ्या घेतल्या? "हो, हो, हो." तंबोऱ्याचं मी विचारत नसे आणि ते सांगत नसत. माझ्या मनात तो प्रश्न काट्यासारखा रुतून बसला होता, मीच विचारलेला. कोणासाठी?

असाच एक रविवार. लेक पोहून आली होती, ओल्या टॉग्जवर, म्हणजे पोहायच्या कपड्यांवर, टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात ठिबकत उभी. मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला, नेहमीप्रमाणे आधी तिने हॅलो म्हणायचं. तिने म्हटलं. थोडं ऐकलं. मग नाक मुरडलं.

"मम्मा, आजोबा सेड वेट, अँड देन द फोन ब्रोक. इट्स जस्ट बझिंग. समथिंग्ज लूज. मी ठेवू?"

"ठेवू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. ओल्या जमिनीवरून घसरत जाऊन मी तिच्या हातातून फोन घेतला.

लाइनला काही झालं नव्हतं. पंचम, षड्ज, षड्ज, खालचा षड्ज. पुन्हा पंचम. समुद्रापलीकडून, त्या स्वस्तातल्या कार्डावरून, तुटत तुटत येत होतं, पण प्रत्येक तारेमागे ते गुंजन होतं. त्यांनी तारा चढवल्या होत्या. धागा बरोबर बसला होता. समोर कोणी नाही, मागे बसलेला माणूस एकटा, आणि फोनचा रिसीव्हर शेजारी जमिनीवर ठेवलेला असणार.

मला गाता येत नाही. कधीच आलं नाही. समोर लेक टॉवेल धरून माझ्याकडे बघत होती, गॅसवर भाजी लागायला आली होती. मी डोळे मिटले आणि फोनमध्ये सा लावला. आवाज चिरकला, फाटला, तरी सोडला नाही. श्वास संपला तसा दुसरा घेऊन पुन्हा लावला. पलीकडे तारा थांबल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने रिसीव्हर उचलल्याची खरखर झाली.

"खाली लागतोय गं," बाबा म्हणाले. "पुन्हा लाव."